चेंडू दिला, कर्णधारपद दिले नाही : पालवणकर बाळू यांचे आयुष्य आपण का वाचावे?

लासलगाव परिसरात उन्हाळी कांद्याची आवक वाढते त्याच दिवसांत वस्त्यावस्त्यांत टेनिस बॉलचे सामनेही रंगात येतात. एप्रिलमध्ये जयंतीच्या निमित्ताने चषक ठेवले जातात, फलक लागतात, रात्री उजेडात सामने होतात. या खेळात आपल्या तरुणांचा जीव आहे. पण भारतातला पहिला मोठा फिरकी गोलंदाज अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला मराठी माणूस होता, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. त्यांचे नाव बाळू बाबाजी पालवणकर. क्रिकेटच्या इतिहासात ते पालवणकर बाळू किंवा पी. बाळू या नावाने ओळखले जातात.

आपल्या चळवळीत हे नाव कमी घेतले जाते, त्याला एक कारण आहे. १९३७ च्या निवडणुकीत बाळू हे काँग्रेसचे उमेदवार म्हणून बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते. त्यामुळे आपण त्यांना बाजूला ठेवले. दुसरीकडे, क्रिकेटवर लिहिणाऱ्या अनेकांनी त्यांना उचलून धरले ते वेगळ्याच कारणासाठी. अंगात गुण असले की जात आडवी येत नाही, हे सांगायला त्यांना बाळू सोयीचे वाटतात. या दोन्ही बाजूंनी त्यांचे आयुष्य अर्धेच वाचले आहे. ते पूर्ण वाचले तर आजच्या आरक्षणाच्या, प्रतिनिधित्वाच्या आणि गुणवत्तेच्या वादात आपल्याला फार उपयोगी पडेल असे काहीतरी हाती लागते.

तीन रुपये पगार आणि खेळपट्टी

बाळू यांचा जन्म १८७६ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे चर्मकार समाजातले, मूळ कोकणातल्या पालवण गावचे. वडील लष्कराशी संबंधित नोकरीत होते, त्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. पुढे विठ्ठल आणि गणपत हे भाऊही या खेळात आले.

बाळू यांची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी लोकांच्या क्लबमध्ये लागली. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा आणि सभासदांना हवे तेव्हा चेंडू टाकून द्यायचे, असे ते काम. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये गेले. तिथे पगार चार रुपये झाला. कामाची यादीही वाढली. खेळपट्टी तयार करणे, जाळ्या उभारणे, गरज पडेल तेव्हा टेनिसच्या मैदानावर रेषा आखणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे.

तिथे कॅप्टन ग्रेग नावाचा एक पट्टीचा इंग्रज फलंदाज रोज सराव करायचा. बाळू यांनी आपल्याला बाद केले की प्रत्येक वेळी तो आठ आणे देत असे, अशी गोष्ट सांगितली जाते. महिन्याचा पगार चार रुपये असताना आठ आणे म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हे. या सरावातून बाळू यांचा डावा हात तयार झाला. संथ गतीने टाकलेला चेंडू दोन्ही बाजूंना वळवणे, त्याची उंची आणि टप्पा बदलत राहणे, फलंदाजाला पुढे ओढून चकवणे, हे सगळे त्यांनी हजारो चेंडू टाकून कमावले. मात्र इतकी वर्षे त्या क्लबात गोलंदाजी करूनही त्यांना तिथे फलंदाजी कधी मिळाली नाही.

समाजशास्त्राच्या नजरेने पाहिले तर या छोट्या तपशिलात बरेच काही आहे. त्या काळच्या क्रिकेटमध्ये फलंदाजी ही मालकाची हौस होती आणि गोलंदाजी ही मजुरी. इंग्लंडमध्येही हौशी श्रीमंत खेळाडूंना जेंटलमन म्हणत आणि पैसे घेऊन खेळणाऱ्यांना नुसते प्लेअर. दोघांची मैदानात येण्याची दारे बहुतेक ठिकाणी वेगळी असत. व्यावसायिक खेळाडूने संघ जिंकून द्यावा, पण कर्णधार जेंटलमनच असावा, ही रीत तिथे इतकी पक्की होती की विसाव्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाला पहिला व्यावसायिक कर्णधार, लेन हटन, १९५२ साली मिळाला. भारतात या वर्गभेदावर जातीचा थर चढला. बाळू मजूरही होते आणि अस्पृश्यही.

चेंडूला विटाळ नाही, चहाला आहे

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते. गावातला सर्वांत चांगला गोलंदाज कोण, हे सगळ्यांना ठाऊक होते. प्रश्न त्याच्या जातीचा होता. संघात बराच वाद झाला. काही सभासद बाळू यांना घ्यायला तयार होते, काही ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता. शेवटी जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीवर मात करून गेली आणि बाळू संघात आले.

पण ते किती आत आले? मैदानात ते सवर्ण खेळाडूंबरोबर एकाच चेंडूला हात लावत होते. खेळ थांबला की त्यांना चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जाई. जेवणाचे ताट वेगळे, टेबल वेगळे. तोंड धुवायचे झाले तर पाणी ओतायला अस्पृश्य समाजातलाच नोकर. म्हणजे संघाला त्यांचा हात हवा होता, पण त्या हाताने घेतलेला पेला नको होता.

बाळू यांच्या गोलंदाजीवर पुण्याचा संघ जिंकत गेला. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावरच्या विजयानंतर त्यांचे मोठे स्वागत झाले. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांचा जाहीर सत्कार केला आणि जे बाळूंबरोबर खेळतात त्यांनी त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यालाही तयार असले पाहिजे असे सुचवले, असे सांगितले जाते. हळूहळू काही खेळाडू त्यांच्यासोबत जेवू लागले. हा बदल खरा होता आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र तो आधी विकेट आणि मग पंगत या क्रमाने झाला. माणूस म्हणून जे आधीच मिळायला हवे होते, ते त्यांना बळी मोजून कमवावे लागले.

मुंबई आणि १९०६ चा सामना

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि पालवणकर कुटुंब मुंबईला आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात बाळू यांना घेण्याला इथेही काही सभासदांचा विरोध झाला. तत्कालीन कर्णधार कीर्तिकर यांनी तो मोडून काढला. बाळू काही काळ लष्करात आणि नंतर रेल्वेत नोकरीला होते आणि त्यांच्या संघांकडूनही खेळले. आज बँका आणि कंपन्या खेळाडूंना नोकरी देतात. त्या व्यवस्थेचा हा सुरुवातीचा काळ होता.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी तो १०९ धावांनी जिंकला. बाळू यांची गोलंदाजी या विजयाच्या केंद्रस्थानी होती. शिवरामही या संघात होते. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा आनंद देशभर झाला. सुधारकी वृत्तपत्रांनी या विजयाचा अर्थ पुढे नेला. जात बाजूला ठेवली म्हणून हिंदू जिंकले, हे त्यांनी वाचकांच्या लक्षात आणून दिले. पुढच्या वर्षीही हिंदूंनी युरोपियनांना हरवले.

समुद्रापलीकडचा दुसरा खेळ

याच काळात अमेरिकेत चेंडू आणि दांडूचा आणखी एक खेळ धंदा म्हणून उभा राहत होता. तो बेसबॉल. १८६९ मध्ये सिनसिनाटी शहराच्या रेड स्टॉकिंग्ज या संघाने सगळ्याच खेळाडूंना उघडपणे पगार द्यायला सुरुवात केली. १८७६ मध्ये, म्हणजे बाळू यांच्या जन्माच्या सुमारास, नॅशनल लीग स्थापन झाली. क्लबच्या मालकांच्या हाती खेळाची सूत्रे आली. तिकिटे, करार आणि पगार असा रीतसर व्यवसाय सुरू झाला.

पैसा आला म्हणजे भेदभाव संपतो, असे काहींना वाटते. धंद्याला फक्त नफा कळतो, म्हणून तो गुणी माणसाला घेणारच, असा त्यांचा युक्तिवाद असतो. बेसबॉलमध्ये उलटेच घडले. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू वरच्या दर्जाच्या लीगमध्ये खेळला. त्यानंतर १९४७ पर्यंत त्या पातळीवर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला उघडपणे घेतले गेले नाही. तसा छापील नियम नव्हता. मालकांमधली समजूत पुरेशी होती. जातीचे बरेचसे नियमही असेच न लिहिता चालतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

१९२० मध्ये रूब फोस्टर या माजी गोलंदाजाने कृष्णवर्णीयांची स्वतंत्र नीग्रो नॅशनल लीग उभी केली. तेव्हाचे तिचे नाव तेच होते. तिच्यात खेळाडूंपासून व्यवस्थापकांपर्यंत बहुतेक माणसे आपली होती, अनेक क्लबांचे मालकही. दारे बंद केल्यावर या माणसांनी आपले मैदान वेगळे आखले.

भारतात बाळू यांच्यासमोर असा पर्याय नव्हता. इथल्या मोठ्या स्पर्धेत संघ धर्मावर बांधलेले होते. युरोपियन, पारशी, हिंदू आणि १९१२ पासून मुस्लिम. या चौरंगी सामन्यांत अस्पृश्यांचा संघ नव्हता. खेळायचे तर हिंदूंच्या संघातून, आणि तेही त्यांच्या अटींवर.

इंग्लंडचा दौरा आणि एक मानपत्र

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज काही सामने खेळले आणि बाकी वेळ त्यांचा दरबारी कामात आणि मेजवान्यांत गेला. संघाचा भार बाळू यांच्या खांद्यावर आला. त्या खांद्याला दुखापत असतानाही त्यांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. परक्या हवेत, ओल्या खेळपट्ट्यांवर, सराईत इंग्लिश फलंदाजांसमोर केलेली ही कामगिरी आहे. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळू यांचे नाव इंग्लंडमध्ये झाले.

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. तेव्हा बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. या सत्काराचे मानपत्र त्यांनी तयार करून सादर केले, असे सांगितले जाते. वीस वर्षांच्या भीमरावांसाठी बाळू हे अभिमानाचे नाव होते. पुढे या दोघांचे रस्ते वेगळे झाले तरी सुरुवातीचा हा धागा आपण विसरता कामा नये.

कर्णधार कोण?

इथून बाळू यांच्या आयुष्यातला खरा प्रश्न सुरू होतो. १९१० नंतर हिंदू संघात त्यांच्याइतका अनुभवी आणि यशस्वी दुसरा खेळाडू नव्हता. कर्णधारपद त्यांना मिळावे असे अनेकांना वाटत होते आणि ते उघड बोललेही जात होते. तरी वर्षामागून वर्षे ते पद सवर्ण खेळाडूकडेच गेले. १९१३ मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले. त्यांनी स्वतःच, आपल्या सत्काराच्या वेळी, हा मान ज्येष्ठ म्हणून बाळू यांना मिळायला हवा होता हे कबूल केले. म्हणजे अन्याय काय आहे हे सगळ्यांना कळत होते. निवड करणाऱ्यांनाही.

मग अडचण कशाची होती? गोलंदाजाला चेंडू देताना तुम्ही त्याच्या कौशल्याचा उपयोग करता. कर्णधाराच्या हाती मात्र तुम्ही स्वतःला सोपवता. तो सांगेल तिथे उभे राहायचे, तो ठरवेल तेव्हा खेळायला उतरायचे. जातिव्यवस्थेला खालच्या मानलेल्या माणसाचे श्रम चालतात, कौशल्य चालते, प्रसंगी त्याचा सत्कारही चालतो. त्याचा हुकूम चालत नाही. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तिची ही मैदानावरची आवृत्ती होती.

१९२० मध्ये हा ताण फुटला. याच वर्षाच्या जानेवारीत बाबासाहेबांनी मूकनायक सुरू केले होते आणि मार्चमध्ये माणगावची परिषद झाली होती. फोस्टरची लीगही याच वर्षातली. मुंबईच्या चौरंगी स्पर्धेसाठी हिंदू संघ निवडला गेला तेव्हा पै खेळू शकत नव्हते. समितीने बाळू यांना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद दि. ब. देवधर यांना दिले. शिवराम आणि विठ्ठल हे दोघे भाऊ संघाबाहेर पडले आणि त्यांनी आपली भूमिका जाहीर निवेदनातून मांडली. आम्हाला जातीमुळे डावलले जाते आणि हा अपमान आम्ही सहन करणार नाही, असा त्याचा आशय होता.

लोकमत त्यांच्या बाजूने गेले. पै परतले, भाऊ संघात परतले आणि बाळू यांना उपकर्णधार करण्यात आले. सामन्यात पै बाहेर असताना काही काळ बाळू यांनी संघाचे नेतृत्वही केले. त्यांची कारकीर्द याच हंगामात संपली. ३३ प्रथम श्रेणी सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ साली. तोवर बाळू यांचे वय ५६ च्या घरात होते.

विठ्ठल यांना १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी पुढे मराठीत आपले क्रीडाजीवन लिहून ठेवले. आपल्या तरुणांनी ते शोधून वाचावे.

या घटनाक्रमाकडे नीट पाहा. बाळू यांनी पंधरा वर्षे बळी घेतले, कर्णधारपद आले नाही. भावांनी एकदा संघ सोडला, जाहीर निवेदन दिले, आणि तीन वर्षांत त्यांच्या घरात कर्णधारपद आले. गुणवत्ता दोन्ही वेळा होती. दुसऱ्या वेळी तिच्या जोडीला नकार होता, एकी होती आणि बाहेर जागा झालेला समाज होता.

बाबासाहेबांच्या विरोधात

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात ओढले गेले. १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले आणि २० सप्टेंबरला येरवड्यात गांधीजींचे उपोषण सुरू झाले. बाळू आणि मद्रासचे एम. सी. राजा हे संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. बाबासाहेबांनी तडजोड करावी म्हणून त्यांनी प्रयत्न केले. २४ सप्टेंबरला झालेल्या पुणे करारावर बाळू यांचीही सही आहे.

१३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. लासलगावहून येवला जवळच आहे. आपल्या भागातल्या कित्येक घरांत त्या सभेला पायी गेलेल्या आजोबा-पणजोबांच्या आठवणी सांगितल्या जातात. बाळू या घोषणेच्या विरोधात होते. हिंदू समाजात राहूनच सुधारणा होईल, असा त्यांचा विश्वास होता.

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत ते मुंबईतून उभे राहिले. जागा राखीव होती, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध काँग्रेसला अस्पृश्य समाजातलाच उमेदवार हवा होता, आणि तोही सवर्ण मतदारांना चालणारा. बाळू यांच्याइतका लोकप्रिय चेहरा दुसरा नव्हता. मतमोजणीत बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळू यांना ११,२२५ मते पडली. बाबासाहेब जिंकले, पण अंतर मोठे नव्हते.

ज्या हिंदू जिमखान्याने बाळू यांना कर्णधार होऊ दिले नाही, त्याच समाजाच्या राजकारणाने त्यांना बाबासाहेबांविरुद्ध पुढे केले. त्यांच्या हाती पुन्हा चेंडू आला होता आणि क्षेत्ररचना पुन्हा दुसऱ्याच कोणाची होती. बाळू स्वतः हे असे पाहत नसतील. हिंदू संघात त्यांना मिळालेली जागा त्यांच्यासाठी खरी होती. जे सहकारी एके काळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर चहा देत, तेच पुढे एका पंगतीला बसले, हा त्यांचा जगलेला अनुभव होता. त्या अनुभवावरून त्यांनी साऱ्या समाजाचा अंदाज बांधला. एका असामान्य माणसासाठी उघडलेले दार सगळ्यांसाठी उघडेल, हा तो अंदाज होता आणि तो चुकीचा ठरला. काळाराम मंदिराचे दार आपल्या नाशिकमध्ये १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह करूनही उघडले नव्हते.

जॅकी रॉबिन्सनची तुलना

अशी कोंडी बाळू यांच्या एकट्याच्या वाट्याला आली नाही. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रूकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरले आणि बेसबॉलमधली रंगाची भिंत मोडली. प्रेक्षक आणि प्रतिस्पर्धी शिव्या देत होते. उलट उत्तर द्यायचे नाही, असे त्यांना आधीच बजावलेले होते. दोन वर्षांनी, १९४९ मध्ये, पॉल रोबसन या बंडखोर कृष्णवर्णीय गायकाच्या भूमिकेविरुद्ध साक्ष देण्यासाठी त्यांना अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बोलावले गेले आणि त्यांनी साक्ष दिली. त्या साक्षीत त्यांनी वर्णभेदावरही टीका केली होती, पण गाजवला गेला तो रोबसनविरोधी भाग. खेळाने मिळवलेली प्रतिष्ठा सत्ता कशी वापरून घेते, हे दोन्ही देशांत सारखेच दिसते.

आणखी एक गोष्ट. रॉबिन्सन आत गेल्यावर नीग्रो लीगचे उत्तम खेळाडू गोऱ्या मालकांनी उचलले, अनेकदा क्लबांना काहीही न देता. त्या लीगमधले मालक, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक मात्र बाहेरच राहिले आणि त्यांचे क्लब बुडाले. प्रवेश खेळाडूला मिळाला, अधिकाराला नाही. रॉबिन्सन यांना हे कळले होते. ऑक्टोबर १९७२ मध्ये सिनसिनाटीत, जिथून व्यावसायिक बेसबॉल सुरू झाला त्याच शहरात, आपल्या अखेरच्या जाहीर कार्यक्रमात त्यांनी कृष्णवर्णीय व्यवस्थापक दिसावा अशी अपेक्षा बोलून दाखवली. काही दिवसांत त्यांचे निधन झाले. मोठ्या लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ च्या हंगामात काम पाहू लागला. खेळाडू ते व्यवस्थापक या एका पायरीला २८ वर्षे लागली.

बाळू यांना कुठे ठेवायचे?

४ जुलै १९५५ ला बाळू यांचे मुंबईत निधन झाले. सव्वा वर्षाने बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली.

मित्रांनो, बाळू यांची १९३२ आणि १९३७ मधली राजकीय भूमिका आपल्याला मान्य होण्यासारखी नाही आणि ती लपवण्याचीही गरज नाही. पण ज्याने बाबासाहेबांना विरोध केला त्याचे सगळे आयुष्यच पुसून टाकायचे, हे धम्माच्या विवेकबुद्धीत बसत नाही. ते चर्मकार होते, ते काँग्रेसचे होते, म्हणून ते आपले नाहीत, असे आपण म्हटले तर दलित जातींमधले जे अंतर सत्तेने नेहमी वापरले तेच आपण पाळत राहू. मातीच्या भांड्यातला तो चहा आपल्या सगळ्यांच्या पूर्वजांना दिला गेला होता.

त्यांच्या आयुष्यातून एक प्रश्न मात्र आज रोज विचारता येतो. कोणत्याही संस्थेत आपला माणूस दिसला की तो तिथे काय करतो हे पाहावे. शाळा, सहकारी संस्था, बाजार समिती, जिल्ह्याची क्रीडा संघटना, वर्तमानपत्राचे कार्यालय, राजकीय पक्ष. तो चेंडू टाकतो की क्षेत्ररचना लावतो? निवड समितीत कोण बसते? उमेदवारी कोण ठरवते? तालुक्याच्या संघात आपली चार मुले आहेत यावर समाधान मानण्याआधी तो संघ निवडणाऱ्यांत आपले किती आहेत, हे माहितीच्या अधिकारात नाहीतर निदान तोंडी तरी विचारायला हवे.

आणि गुणवत्तेचा मुद्दा काढून आरक्षणाला विरोध करणारे भेटले की त्यांना बाळू यांचे आकडे सांगावेत. १७९ बळी, सरासरी १५.२१, इंग्लंडमध्ये ११४ बळी, आणि कर्णधारपद एकदाही नाही. एवढी गुणवत्ता पुरली नाही, तर किती लागते, हे त्यांना सांगू द्या.

येत्या जयंतीच्या सामन्यांत एखादा चषक पालवणकर बाळू यांच्या नावाने ठेवता येईल. बक्षीस देताना मुलांना त्यांची गोष्ट सांगावी, १९२० साली भावांनी संघ का सोडला तेही सांगावे आणि १९३७ ची निवडणूकही वगळू नये. त्या दिवशी संघाचे कर्णधारपद वस्तीतल्या मुलीकडे दिले, तर आपल्याच घरात कोणाचा हुकूम अजून चालत नाही याचाही विचार सुरू होईल.

जय भीम. नमो बुद्धाय.